टॉवर कुणाचा, आणि त्याला शेजारी का नाहीत?

या वेळच्या पत्रांपैकी अर्ध्याहून जास्त रेडिओवरचीच निघाली. पावसाळ्याआधी कोकणात सगळे एकदम छपरावर चढतात, कुणी कौलं परतायला, कुणी अँटेना बांधायला, त्यामुळे असेल. गुहागरचं पत्र लांबलचक होतं आणि मजेदारही, त्याला जागा जास्त दिलीय, बाकीच्यांनी राग धरू नये.

प्रश्न : नमस्कार. मी टेलिफोन खात्यातून रिटायर झालो, आता गुहागरला घरी असतो, आंबा-काजू बघतो. भाचा अमेरिकेत आहे, त्याला आणि त्याच्या मित्रांना रेडिओ ऐकायचा नाद. त्यांच्या राज्यात पोलीस, फायर ब्रिगेड, अ‍ॅम्ब्युलन्स सगळे एकाच रेडिओ नेटवर्कवर आहेत, आणि त्या नेटवर्कवर त्यांना अचानक एक साइट (म्हणजे टॉवर आणि त्याचं सामान) दिसायला लागलीय जी कुठल्याच यादीत नाही. बाकी साइटचे नंबर १ पासून सत्तरच्या आसपास ओळीने, ही एकटीच २५०. सिग्नल दिवसभर चालू पण बोलत कोणीच नाही, मध्येच एका दुपारी कुणीतरी एक-दोन-तीन-चार मोजलं आणि परत गप्प. यादीत पोरांनी तिला 'टेस्ट' म्हणून टाकलंय खरं, पण आपसात म्हणतात गुप्त काहीतरी आहे, एफबीआयचं असेल. भाचा व्हिडिओ कॉलवर स्क्रीन दाखवून विचारतो, मामा तुला काय वाटतं? मला आमचं एक्स्चेंज माहीत, यातलं काय कळणार? हे लोक शोधतात कसं, आणि तिथे असतं तरी काय? (एक वाचक, गुहागर)

उत्तर : काका, एक्स्चेंजमध्ये जन्म घालवलात आणि काय कळणार म्हणता? भाच्याच्या आधी तुम्हाला कळेल बघा. दोन गावांमध्ये जेवढे टेलिफोन तेवढ्या ट्रंक लाइनी कुणी टाकत नसे, थोड्याच टाकत आणि ज्याचा कॉल लागेल त्याला तेवढ्यापुरती एक जोडून देत. या रेडिओला ट्रंकिंग म्हणतात ते त्यावरूनच. टॉवरवर थोड्याच फ्रिक्वेन्सी असतात, त्यातली एक अखंड बडबडत असते, ती कंट्रोल चॅनल. पोलिसाने बटण दाबलं की त्याचा वॉकीटॉकी आधी तिकडे विचारतो, तिकडून उत्तर येतं की अमुक ग्रुपने अमुक फ्रिक्वेन्सीवर जावं, त्या ग्रुपचे सगळे रेडिओ आपोआप तिकडे उडी मारतात, बोलणं संपलं की फ्रिक्वेन्सी मोकळी, आणि हे एवढं सगळं सेकंदाच्या आत.

अमेरिकेत यासाठी जे स्टँडर्ड आहे ते प्रोजेक्ट २५, बोलताना पी-२५. १९८९ मध्ये एपीसीओ या पब्लिक सेफ्टी कम्युनिकेशनवाल्यांच्या संघटनेने इतरांना घेऊन ते काम सुरू केलं, कारण वेगवेगळ्या कंपन्यांचे रेडिओ असले की शेजारच्या दोन गावांचे पोलीस सुद्धा एकमेकांशी बोलू शकत नसत.

आता मुद्दा. बोलणं एन्क्रिप्ट केलेलं, म्हणजे इतरांना कळू नये म्हणून सांकेतिक केलेलं असलं तरी कंट्रोल चॅनल बहुतेक ठिकाणी उघडाच असतो. सेकंदाला ९६०० बिट या वेगाने तो स्वतःची सगळी माहिती सांगत बसतो, कारण ती सांगितली नाही तर रेडिओंना टॉवर सापडणार कसा? म्हणजे साइट शोधणाऱ्यांना कुणाचं बोलणं ऐकायची गरजच नसते. भाचा जी स्क्रीन दाखवतो ना, त्यावर पुढच्या वेळी मी सांगतो त्या ओळी बघायला सांगा.

पहिली ओळ नेटवर्कच्या ओळखीची. त्यात दोन आकडे असतात, एक डब्ल्यूएसीएन, हेक्समधले (० ते ९ आणि पुढे ए ते एफ, अशा सोळाच्या मोजणीतले) पाच अंक, आणि एक सिस्टम आयडी, हेक्समधले तीन. हे दोन्ही राज्याच्या बाकीच्या साइटशी जुळतात का ते आधी बघायचं. जुळत नसतील तर ही त्या नेटवर्कची साइटच नव्हे, कुणाचं तरी वेगळं छोटं नेटवर्क शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर आहे आणि पोरांनी उगाच राज्याच्या खात्यात मांडलंय. बऱ्याच गूढ साइटचं गूढ इथेच संपतं, पण हे बघायचं सोडून लोक थेट एफबीआयपर्यंत पोचतात.

जुळले तर पुढची ओळ, तिच्यात आरएफएसएस नंबर (साइटच्या गटाचा) आणि साइट नंबर. साइट नंबरला आठच बिट दिलेत, म्हणजे २५५ च्या वर जागाच नाही. खऱ्या साइट १ पासून चढत जातात, त्यामुळे तात्पुरतं काही उभं करायचं तर इंजिनिअर दुसऱ्या टोकाचा नंबर उचलणार, उद्या एकाहत्तरावी साइट आली तरी भांडण नको. २५० बघूनच माझा अर्धा संशय गेला. लपायचं असतं त्याने ७३ नंबर घेतला असता हो, ओळीत मिसळून गेला असता.

त्याच ओळीत एक बिट असतो तो सांगतो की या साइटचं मुख्य कंट्रोलरशी कनेक्शन चालू आहे का नाही. नसेल तर साइट एकटी पडलेली आहे, स्वतःच्या पोटातल्या कंट्रोलरवर चाललीय, तिच्याखालचे रेडिओ आपसात बोलतील पण बाहेर काही जाणार नाही. हा बिट दिवसातून चार वेळा शून्य-एक, शून्य-एक होताना दिसला तर समजा कुणीतरी मुद्दाम केबल काढून परत लावतंय, लिंक तुटल्यावर साइट नीट सावरते का ते बघतंय. अशी ओढाताण कामाच्या वेळेतच होते, रविवारी नाही. पोरांनी आठवडाभराचा लॉग ठेवला असेल तर नऊ ते पाच आणि बाकीचा वेळ असा एकदा वेगळा करून बघावा, फार सांगून जातो.

आणि मग शेजाऱ्यांची यादी, माझ्या मते सगळ्यात बोलकी. प्रत्येक साइट आपल्या आजूबाजूच्या साइटचे नंबर आणि कंट्रोल चॅनल प्रसारित करत असते, म्हणजे गाडी पुढे गेली, सिग्नल पडला, तर रेडिओला माहीत असतं की आता कुठे जायचं. २५० नंबरची साइट शेजारी सांगते का, आणि जास्त महत्त्वाचं म्हणजे शेजारच्या साइट २५० ला सांगतात का? वाडीत नवं घर झालं पण वास्तुशांतीचं बोलावणं कुणालाच नाही, अशी ती स्थिती असते. शेजारी तिचं नाव घेत नाहीत याचा अर्थ ज्याने नेटवर्क चालवायला घेतलंय त्याने ठरवून रस्त्यावरच्या रेडिओंना तिकडे जाऊ दिलेलं नाही. तरी एखादा रेडिओ भटकत शोधत गेलाच तर त्याला रजिस्ट्रेशन नाकारल्याचा संदेश मिळतो आणि तो संदेशही कंट्रोल चॅनलवर दिसतो. दोनचार असे नकार लॉगमध्ये सापडले की समजायचं दार आतून बंद आहे, आत ठरावीक रेडिओच जाऊ शकतात. ते ठरावीक कोणते, त्यांचे आयडी नंबर टिपून ठेवा, तेच आयडी दुसऱ्या दिवशी राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या साइटवर टेक्निशियनच्या ग्रुपमध्ये दिसले तर आणखी काय पाहिजे?

एक-दोन-तीन-चारचं म्हणाल तर तो टेस्ट काउंट, आवाज स्वच्छ जातोय का बघायला जगभरचे वायरलेसवाले असंच मोजतात, आपल्या गणपतीच्या मांडवातला माइकवाला पण तेच करतो. त्याऐवजी कधी बारीक अखंड शिट्टी ऐकू आली तर ती १०११ हर्ट्झची असण्याची शक्यता आहे, पी-२५ मध्ये बिट किती चुकतात ते मोजायला हा ठरलेला टोन आहे. आणि नवीन नेटवर्क ताब्यात घेताना नुसतं हॅलो हॅलो करून भागत नाही. सगळ्या भागाचे चौकोन पाडतात, प्रत्येक चौकोनात गाडी नेऊन सिग्नल आणि चुका मोजतात, आवाज किती नीट कळतो त्याला डीएक्यू नावाचे पाचापैकी मार्क देतात आणि ३.४ मार्क हा पब्लिक सेफ्टीत नेहमी मागितला जाणारा आकडा, पुष्कळ करारांत ९५ टक्के भागात तेवढे मिळालेच पाहिजेत अशी अट असते. इमारतीच्या तळघरात शिरलेल्या फायरमनचा रेडिओ गप्प झाला तर काय, म्हणून एवढा खटाटोप. मग नवं सॉफ्टवेअर आलं की ते थेट चालू नेटवर्कवर टाकायची कुणाची छाती होईल? आधी वर्कशॉपच्या मागे एक साइट उभी करून तिच्यावरच टाकणार. तुमच्या एक्स्चेंजमध्ये कटओव्हरच्या, म्हणजे जुनं बंद करून नवं चालू करायच्या आधी आठवडे कसे जायचे आठवा.

राहिला प्रश्न जागा कुठली. तिकडे रेडिओची लायसन्स देणारी सरकारी संस्था म्हणजे एफसीसी, तिची लायसन्सची यादी लोकांना उघडी आहे, तिचं नाव यूएलएस, फ्रिक्वेन्सी टाकून शोधता येते आणि लायसन्सवर अक्षांश-रेखांश, अँटेनाची उंची, पॉवर, उत्सर्जनाचा प्रकार सगळं लिहिलेलं असतं. टॉवर २०० फुटांहून उंच असेल तर त्याची वेगळी नोंद असते. तात्पुरत्या कामाला स्पेशल टेम्पररी ऑथॉरिटी म्हणून परवानगी मिळते, जास्तीत जास्त १८० दिवसांची, म्हणून कायमच्या यादीत सापडलं नाही तर तिकडे बघायचं. अजून एक गंमत, एवढं डिजिटल नेटवर्क पण कॉलसाइन (स्टेशनचं ओळखनाव) द्यायचा नियम जुनाच, त्यामुळे बऱ्याच साइट अर्ध्या तासाने मोर्समध्ये टिक-टॅक करून आपला कॉलसाइन सांगतात. भाच्याच्या ग्रुपमधल्या कुणाला मोर्स येत असेल (नसेलच, आताच्या पोरांना कुठलं येतंय, तुम्हाला येत असेल) तर तो कॉलसाइन उतरवून यादीत टाकला की मालक समोर.

एफबीआयचं तेवढं डोक्यातून काढायला सांगा. केंद्राच्या संस्थांच्या फ्रिक्वेन्सी एफसीसी देतच नाही, त्या एनटीआयए ही दुसरी सरकारी संस्था बघते आणि यूएलएसमध्ये दिसत नाहीत. पोरांची साइट जर ७६९ ते ७७५ किंवा ८५१ मेगाहर्ट्झच्या पुढच्या पब्लिक सेफ्टीच्या पट्ट्यात असेल आणि फ्रिक्वेन्सी राज्याच्याच लायसन्सवर निघाल्या तर विषय संपला. राज्याच्या नेटवर्कवर केंद्राचे लोक कधीकधी पाहुणे असतात हे खरं, पण त्यांच्यासाठी शेजारी नसलेला वेगळा टॉवर उभारून त्यावर एक-दोन-तीन कोण मोजत बसेल? माझं मत विचाराल तर ही रेडिओ वर्कशॉपची टेस्ट साइट आहे, किंवा यायच्या नव्या साइटचं सामान आधी एका जागी जोडून तापवत ठेवलंय. दुसरं असेल तर एक दिवस २५० गायब होईल आणि ७१ किंवा ७२ नंबर दुसऱ्याच गावातून उगवेल, शेजाऱ्यांच्या यादीसकट. पोरांनी काउंटीच्या (तिकडच्या जिल्ह्याच्या) मीटिंगचे कागद पण चाळावेत, तिकडे टॉवरची खरेदी आणि करार मीटिंगमध्ये मंजूर होतात आणि ते कागद सगळ्यांना बघायला मिळतात. सिग्नल उलगडणाऱ्या डिकोडरपेक्षा त्यातून लवकर उत्तर निघतं कधीकधी, पण ते वाचायला मजा येत नाही ना!

एकच ताकीद द्या. ऐकायचं तेवढं ऐका, पण कुठून तरी जुना रेडिओ आणून, प्रोग्रॅम करून त्या साइटवर रजिस्टर होतो का असला प्रयोग चुकूनही करायचा नाही. तिथे छंद संपतो आणि वकील सुरू होतो.

प्रश्न : दादा, मी हर्णैला असतो. होळीनंतर रात्री एफएम लावला की अरबी गाणी, अरबी बातम्या लागतात, काही दिवस अगदी स्वच्छ. लॅपटॉपला लावायच्या रेडिओ डोंगलवर पण भलतेच सिग्नल दिसतात जे सकाळी नसतात. बंदरावर लोक म्हणतात समोर बोटीवर काहीतरी आहे. खरं का? (एक वाचक, हर्णै)

उत्तर : बोटीवर काही नाही, असलंच तर ते हवेत आहे. उन्हाळ्यात जमिनीवरून कोरडी गरम हवा समुद्रावर सरकते, तिच्याखाली पाण्यालगतची हवा दमट आणि त्यामानाने गार. असे दोन थर एकावर एक बसले की रेडिओ लहरी वर निसटून न जाता त्यांच्यामध्ये अडकतात आणि पाण्याला समांतर धावत राहतात, याला डक्टिंग म्हणतात. मस्कत रत्नागिरीपासून सरळ रेषेत सतराशे किलोमीटरच्या आसपास, एरवी एफएम तेवढं येणं शक्यच नाही, पण डक्टमध्ये येतं. दुसऱ्या महायुद्धात मुंबईजवळच्या ब्रिटिश रडारवर, साधारण २०० मेगाहर्ट्झचं ते रडार, अरबस्तानचा किनारा दिसायचा, हजार मैलांच्या पलीकडचा! पावसाळी वारा सुटला की थर ढवळून निघतात आणि खेळ बंद.

म्हणून सांगतो, किनाऱ्यावर राहणाऱ्याने मार्च ते मे या काळात दिसलेल्या कुठल्याही अनोळखी सिग्नलला लगेच इथला समजू नये. गुहागरच्या काकांचा भाचा ज्या पद्धतीने साइट शोधतो त्या सगळ्याच्या आधीची पायरी हीच, की सिग्नल खरा आहे का आणि जवळचा आहे का. रात्री येतो आणि ऊन चढलं की जातो, तो लांबचा.

आणि डोंगल स्वतःही थापा मारतं बरं का. ही स्वस्तातली डोंगलं मुळात टीव्ही बघायला बनलेली, आत आरटीएल२८३२यू नावाची चिप, तिच्यातून कच्चा सिग्नल बाहेर काढता येतो हे २०१२ मध्ये सगळीकडे पसरलं आणि तेव्हापासून हा छंद गरिबाच्या आवाक्यात आला. पण आठ बिटांचं ते यंत्र, फार जोरदार सिग्नल त्याला पेलत नाही. जवळ जोरदार एफएमचा टॉवर असला की तो आत घुसून भलत्याच ठिकाणी भुतं उभी करतो. ओळखायची सोपी रीत म्हणजे गेन (डोंगल सिग्नल किती वाढवतं ते) थोडा कमी करायचा. खरा सिग्नल तेवढाच उतरतो, भूत एकदम कोसळतं, कारण दहा डेसिबल कमी केले तर तिसऱ्या क्रमाचं (सिग्नल एकमेकांत मिसळून झालेलं) भूत तीस डेसिबलने पडतं. दुसरं म्हणजे स्वस्त डोंगलचा क्रिस्टल, ज्यावरून ते फ्रिक्वेन्सी ठरवतं. तो ५० पीपीएमने, म्हणजे दहा लाखात पन्नासने चुकत असेल तर ८५० मेगाहर्ट्झला फरक पडतो साडेबेचाळीस किलोहर्ट्झचा, म्हणजे साडेबारा किलोहर्ट्झचे तीन चॅनल ओलांडून तुम्ही चौथ्यात, आणि वर तुम्ही यादी काढून म्हणणार की ही फ्रिक्वेन्सी तर कुणाच्याच नावावर नाही! टीसीएक्सओवालं, म्हणजे गरम-गार झालं तरी क्रिस्टल हलत नाही असं डोंगल घ्या, थोडे पैसे जास्त जातात पण रोजचा ताप वाचतो.

प्रश्न : दादा, माका एक सांगा, अमेरिकेत पोरां पोलिसांच्या नेटवर्कचा एवढा शोधून काढतत, तर आमी मालवणात बसान आपल्या पोलिसांचा बिनतारी ऐकूक गेलो तर काय होतला? कॉलेजात आम्ही तिघं आहोत, डोंगल आहे, लॅपटॉप आहे. नुसतं ऐकायचं, कुणाला सांगायचं नाही. (एक विद्यार्थी, मालवण)

उत्तर : नको रे बाबा, ते सोडून दे. तिकडचं चालतं कारण तिकडचा कायदा वेगळा आहे. १९८६ च्या त्यांच्या केंद्राच्या कायद्यात पोलीस-फायरचं जे रेडिओवरचं बोलणं कुणालाही सहज ऐकू येईल असं उघडं आहे ते ऐकायला सूट दिलीय, एन्क्रिप्ट केलेल्याला नाही, आणि गाडीत स्कॅनर ठेवण्यावर काही राज्यांत पुन्हा निराळे नियम आहेत. आपल्याकडे उलटं. १९३३ च्या वायरलेस कायद्यात यंत्र नुसतं जवळ बाळगायलाच लायसन्स लागायचं, घरच्या रेडिओचं लायसन्स पोस्टात जाऊन भरलेलं तुझ्या आजोबांना आठवत असेल, विचार. आता २०२३ चा टेलिकम्युनिकेशन कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतोय, आणि त्यातलं कलम ४२ जून २०२४ पासून लागू झालेलंच आहे. बेकायदा संदेश पकडला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कुणाला सांगितलं नाही म्हणजे सुटलो असं त्यात नाही. शिवाय आपली किनारपट्टी, २६/११ ला माणसं समुद्रातूनच आली होती, तेव्हा इथे अँटेना घेऊन पोलीस फ्रिक्वेन्सी शोधणारी तीन पोरं सापडली तर सागरी सुरक्षावाला हवालदार तुमचा छंद समजून घेत बसणार नाही, आणि मी पण त्याला दोष देणार नाही.

आता तुम्हा तिघांना खरंच गोडी असेल तर सरळ हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं लायसन्स काढा. त्यासाठी एएसओसी नावाची सरकारी परीक्षा असते, वय बारा पूर्ण असलं की बसता येतं, रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्सची सक्ती नाही, अर्ज सरल संचार पोर्टलवर. पास झाल्यावर व्हीयू३ ने सुरू होणारा कॉलसाइन मिळतो, जनरल ग्रेडला व्हीयू२. मग १४४ ते १४६ मेगाहर्ट्झमध्ये ऐकाच काय, बोला सुद्धा. तोवर हात साफ करायला रशियाचे मेटिऑर हवामान उपग्रह आहेत, १३७ मेगाहर्ट्झच्या जवळ डिजिटल चित्र पाठवतात, ढग, किनारा सगळं दिसतं. जुन्या व्हिडिओंमध्ये अमेरिकेचे नोआ उपग्रह दाखवतात त्यांच्या नादी लागू नका, ती तिन्ही जुनी धुडं २०२५ मध्ये बंद केली.

आणि हा नुसता टाइमपास नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत घुसलं तेव्हा विजेचे खांब गेले, मोबाइल टॉवर गेले, दापोली-मंडणगडपासून वर अलिबागपर्यंत मुंबईचा चाकरमानी दिवस दिवस फोन फिरवत होता आणि गावातून उत्तर नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठी बाजारपेठेत शिरली तेव्हाही तेच. मोबाइलचा टॉवर हजार लोकांसाठी बांधलेला असतो, बॅटरी काही तासांची, वीज आणि फायबर गेली की संपलं. पोलीस-फायरचं नेटवर्क वेगळं बांधतात ते याच कारणासाठी, आणि त्याची टेस्ट साइट असते ती पण याच कारणासाठी, लिंक तुटल्यावर काय होतं ते वादळ यायच्या आधी बघून ठेवायला. हॅमवाले अशा वेळी उपयोगी पडतात. २००४ च्या त्सुनामीच्या वेळी हॅम मंडळींची एक मोहीम नेमकी अंदमानात होती, फोन बंद पडल्यावर पोर्ट ब्लेअरहून निरोप त्यांच्या रेडिओवरून गेले. तुम्ही तिघं लायसन्स काढून, एक बॅटरी आणि एक बरी अँटेना तयार ठेवून तहसीलदारांना जाऊन भेटा, म्हणावं आम्ही आहोत. त्यांच्या कंट्रोल रूममध्ये चहा मिळेल आणि ज्या भिंतीआडचं ऐकायला निघाला होतात तिच्या आत कायदेशीर बसाल.

प्रश्न : माझा मुलगा बारावीत आहे. त्याने कौलांवर लोखंडी पाइप चढवून अँटेना लावलीय आणि रात्रभर लॅपटॉपवर रंगीत पट्टे बघत बसतो. वीज पडेल का ही पहिली भीती, आणि अभ्यासाचं काय ही दुसरी. शेजारीण म्हणते याच्या किरणांनी तिच्या नारळाला फळ धरत नाही. (एक आई, वेंगुर्ला)

उत्तर : ताई, शेजारणीच्या नारळाचं आधी सांगतो, ती अँटेना फक्त ऐकते, बाहेर काही फेकत नाही. नारळाला मीठ-राख घाला म्हणावं, नाहीतर कृषी खात्याच्या माणसाला दाखवा.

विजेची भीती मात्र खरी आहे. वळवाचे ढग दिसले की केबल डोंगलमधून काढून खिडकीबाहेर टाकायची, गडगडाट सुरू झाल्यावर नाही, आधी. सुरू झालाच असेल तर त्या केबलला हातही लावायचा नाही. पाइपला जाड तांब्याची तार लावून स्वतंत्र अर्थिंग द्यायला इलेक्ट्रिशियनला बोलवा, हे काम मुलाने स्वतः करायचं नाही. पाइप विजेच्या सर्व्हिस वायरपासून इतका लांब हवा की वादळात आडवा पडला तरी तिच्यावर पडता कामा नये. तुमच्याकडे खारा वारा, साधा नट-बोल्ट एका पावसात गंजतो, म्हणून क्लॅम्प स्टेनलेसचे घ्या आणि केबलच्या जोडावर रबरासारखी स्वतःला चिकटणारी टेप मिळते ती गुंडाळा, नाहीतर पाणी केबलच्या आत शिरतं आणि गणपतीपर्यंत सगळं बंद. केबल घरात शिरते तिथे बाहेरच्या बाजूला एक खाली लोंबणारा वळसा ठेवा, पाणी तिथून ठिबकून जाईल, भिंतीत येणार नाही.

अभ्यासाचं तुम्ही बघा. पण फिजिक्समध्ये विद्युतचुंबकीय लहरी येतातच, एकदा त्याला विचारा की त्या पट्ट्यातली ही रेघ कुठली, फ्रिक्वेन्सी किती आणि तरंगलांबी किती. सांगता आलं तर दहा वाजेपर्यंत चालू द्या. नाही आलं तर डोंगल परीक्षा होईपर्यंत कपाटात.